सूर्यभानच्या नावावरचा आवाज

तनुजा : थांबा हनुमान, त्यांना बोलू द्या. प्रश्न त्यांना विचारलाय मी.

हनुमान : मॅडम, दाजीला त्रास होतो ओ बोलायला, म्हणून मी सांगायलोय. वरीसभर झालं, दवाखान्यात, बँकेत, तलाठ्याकडं, कुठं बी जावा, ह्यांच्या वाटचं मीच बोलतो. बहिणीचा नवरा हाय. परका थोडाच हाय?

तनुजा : त्रास कसा होतो, तेच तर मला ऐकायचंय. इथं आवाज तपासतात. सूर्यभान, आवाज पहिल्यांदा कधी बसला?

सूर्यभान : टाकीवर व्हतो… तवा.

तनुजा : कुठली टाकी?

सूर्यभान : तेजाबाची. लोखंड धुत्यात.

हनुमान : चितेगावला आमची कंपनी हाय ना मॅडम, पैठण रोडला. सळ्या, पत्रे तेजाबात बुडवून साफ करायचे, मग त्याच्यावर मुलामा. दाजी त्या टाकीवर सात-आठ वर्षं व्हते. मी तिथंच सुपरवायझर हाय. पण टाकीचा काय संबंध नाय मॅडम. दाजीला तंबाखूचा नाद व्हता.

सूर्यभान : नव्हता.

हनुमान : आवं, लहानपणी मेंढरामागं असताना चुन्याची डबी नसायची का तुमच्या खिशात?

सूर्यभान : बाबाची… व्हती ती.

तनुजा : सूर्यभान, तुम्ही कुजबुजताय. कुजबुजल्यानं घशाला जास्त ताण पडतो. हळू बोला, पण आवाज काढून बोला. फाटका निघाला तरी चालेल, मला तोच पाहिजे.

सूर्यभान : लाज वाटती.

तनुजा : इथं कसली लाज? दिवसभर असेच आवाज ऐकते मी. बरं, आवाज गेल्यानं रोजच्या जगण्यात काय अडतं?

सूर्यभान : कामावरून काढलं. टाकीवर वरडावं लागतं… सळ्या सोडताना. खाली मानसं असत्यात. मला वरडता येईना.

तनुजा : आणि घरी?

सूर्यभान : बाबा गंगापूरकडं असतो, गावाला. फोन लावला की… ठिवून देतो. म्हणतो, कुणी बोलतच नाय.

हनुमान : मग मी लावतो ना फोन. ‘बाबा, दाजी बरे हायत, ड्यूटी चालू हाय’ असं सांगतो. म्हाताऱ्याला कशाला घोर लावायचा?

तनुजा : ड्यूटी चालू आहे, असं सांगता?

हनुमान : चांगल्यासाठी बोलावं लागतं मॅडम कधी कधी.

तनुजा : हं. सूर्यभान, या माइकसमोर बसा. तोंडापासून एवढं अंतर ठेवा, चार बोटं. खोल श्वास घ्या आणि ‘आ’ म्हणा. एकाच पट्टीत, जमेल तितका वेळ.

सूर्यभान : आ— …

तनुजा : छान. अजून एकदा.

सूर्यभान : आ— … नाय निघत.

तनुजा : निघाला. साडेचार सेकंद. आता इकडे पडद्यावर बघा. घशात दोन पडदे असतात, ते एकमेकांवर आपटले की आवाज होतो. पुरुषाचे साधारण सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आपटतात. निरोगी माणसाच्या आवाजाच्या लाटा कशा, पेरलेल्या ज्वारीच्या तासासारख्या सारख्या अंतरावर येतात. तुमच्या बघा.

सूर्यभान : जनावर शिरल्यावानी.

तनुजा : अगदी तसंच. एक लाट मोठी, एक बारकी, एक लवकर, एक उशिरा. आणि हे मधलं करडं दिसतंय ना, ती हवा. पडदे नीट मिटत नाहीत, त्यामुळे आवाजाबरोबर हवा गळते. म्हणून तुम्हाला दोन शब्दांनंतर दम लागतो. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलंय, त्यात आणि माझ्या आकड्यांत काही फरक नाही.

हनुमान : मग झालं की मॅडम. औषध लिहून द्या, आमी निघतो. दुपारच्या शिफ्टला पोचायचंय मला.

तनुजा : औषध डॉक्टर देतील. मला विमा ऑफिसला अहवाल द्यायचाय, आवाज कशामुळे आणि केव्हापासून बिघडला त्याचा. कंपनीनं त्यांना जे पत्र दिलंय त्यात लिहिलंय, की दोन वर्षांपूर्वी आवाजाच्या शिबिरात तपासणी झाली आणि सूर्यभान यांचा आवाज पूर्ण निरोगी आढळला. म्हणजे टाकीवर इतकी वर्षं काढूनही आवाज शाबूत होता, बिघाड नंतरचा आणि दुसऱ्याच कशाचा तरी.

सूर्यभान : कुटलं शिबिर?

तनुजा : त्याची प्रत तुम्हालाही आली असेल. वाचली नाही?

सूर्यभान : इंग्रजीत हाय. ह्यानं वाचलं… मला म्हनला, बसत नाय नियमात, एवढंच लिवलंय.

हनुमान : त्याचा मतलब तोच ना दाजी! अन शिबिर नाय का, कँटीनमदी झालं व्हतं? खुर्च्या मांडल्या व्हत्या, एक चष्म्यावाली बाई व्हती.

सूर्यभान : डोळ्याचं झालं. बीपीचं झालं. आवाजाचं…

हनुमान : झालं की. तुमी बसला व्हता. आ केलं, धापर्यंत आकडे म्हनले. इसरला तुमी. टाकीच्या वासानं डोकं जड असायचं ना तवा तुमचं.

सूर्यभान : मी… बसलो व्हतो?

हनुमान : माझ्या डोळ्यादेखत.

तनुजा : आठवायची गरज नाही. मी शिबिर घेणाऱ्या संस्थेला लिहिलं होतं, त्यांनी काल मूळ रेकॉर्डिंग पाठवलं. तेव्हाचा आवाज आणि आत्ताचा, दोन्ही शेजारी ठेवून बघते.

हनुमान : ते… ते साठवून ठेवतात व्हय?

तनुजा : ठेवतात ना.

हनुमान : दोन-दोन वर्षं?

तनुजा : दहासुद्धा. का?

हनुमान : काय नाय. म्हणलं, एवढ्या मानसांचे आवाज ठेवायचे कुठं. मॅडम, असं करा, हे पुढच्या बारीला घ्या. दाजी दमलेत. बघा, घाम आलाय.

सूर्यभान : नाय दमलो. लावा, मॅडम.

(संगणकातून एका पुरुषाचा ‘आ’ निघाला. भरलेला, सरळ, अठरा सेकंद कुठंही न डगमगता चाललेला. मग एक ते दहा आकडे, मग ‘झालं का ताई? जाऊ का?’ आणि हलकं हसू. सूर्यभान खुर्चीच्या कडेला सरकून, डोळे मिटून ऐकत होता. पंचवीस वर्षांपूर्वी माळावर दोन शेतं पलीकडून हाक आली, की मान वर न करता तो सांगायचा, कोण बोलावतंय आणि कुणाला. आवाज संपला तरी त्यानं डोळे उघडले नाहीत. )

सूर्यभान : परत लावा.

तनुजा : सगळं?

सूर्यभान : पयलंच. आ.

हनुमान : बघा दाजी, कसा खणखणीत व्हता तुमचा आवाज!

सूर्यभान : ह्यो मी नाय.

हनुमान : आवं, आपला आवाज आपल्याला येगळाच वाटतो मशिनीतून. लग्नाच्या व्हिडिओत नाय का, मानूस म्हणतो हे मी कसा बोलायलोय? विचारा मॅडमला.

तनुजा : ते मात्र खरं आहे, सूर्यभान. आपण स्वतःचा आवाज हाडांतूनही ऐकतो. रेकॉर्डिंगमध्ये तो बारीक, परका वाटतो. पुष्कळ जण पहिल्यांदा म्हणतात, हा मी नाही.

हनुमान : हां! आता मॅडमच म्हनल्या.

सूर्यभान : मॅडम, माझा आवाज मला वळखू येत नसंल. ह्याचा येतो. ह्यो हनुमान हाय.

हनुमान : दाजी, काय बोलायलात तुमी?

सूर्यभान : तू हायस.

हनुमान : मॅडम, बिमारीनं मानसाचं डोकं बी जातं. वरीसभर मी ह्यांना पाठीवर घेऊन फिरायलोय, अन हे काय बक्षीस म्हणायचं? सख्खा भाऊ करणार नाय एवढं केलं मी.

तनुजा : एक मिनिट. सूर्यभान, तुमच्याकडे धनगरी ढोल वाजवतात ना?

सूर्यभान : व्हय. बाबा वाजवायचा.

तनुजा : ढोलाचं कातडं ढिलं झालं, फाटलं, तर आवाज बिघडतो. पण लाकडाचं खोड?

सूर्यभान : तेच ऱ्हातं.

तनुजा : घशातले पडदे म्हणजे कातडं. घसा, तोंड, टाळू, ही सगळी पोकळी म्हणजे खोड. पडदे बिघडले म्हणून पोकळीची लांबी एवढी बदलत नाही. पडद्यावर या आडव्या जाड रेघा दिसतात ना, त्या पोकळीच्या आहेत. ही तुमच्या आत्ताच्या ‘आ’ची, ही दोन वर्षांपूर्वीची. सकाळी फाइल उघडली तेव्हाच मला खटकलं होतं. म्हटलं, माइक वेगळा असेल, बसण्यात फरक असेल. पण इतका?

हनुमान : मशीनचं काय खरं धरता मॅडम? मशीन माझ्या मोबाइलचं लॉक बी दहा बाऱ्या उघडत नाय.

तनुजा : बरोबर आहे. नुसत्या आकड्यांवरून माणूस कोण हे मी छातीठोक सांगणार नाही. सोपा मार्ग आहे. तुम्ही एकदा माइकसमोर बसा आणि ‘आ’ म्हणा.

हनुमान : मी?

तनुजा : अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

हनुमान : मी कशाला? पेशंट मी हाय का? माझा घसा ठणठणीत हाय.

सूर्यभान : बस की.

हनुमान : दाजी…

सूर्यभान : इतका येळ बोलतच व्हतास. आता आ म्हण.

तनुजा : सूर्यभान, सावकाश. पाणी घ्या.

सूर्यभान : तारीख काय त्याच्यावर?

तनुजा : वीस सप्टेंबर. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

सूर्यभान : महालक्ष्म्याच्या आदल्या दिवशी.

तनुजा : कॅलेंडर बघते… हो. आदला दिवस.

सूर्यभान : मी कंपनीत नव्हतोच. गावाला व्हतो. ह्यानं धाडलं.

हनुमान : मॅडम, पाच मिनिटं आमाला बाहेर बोलू द्या. घरातली गोष्ट हाय.

सूर्यभान : नाय. हितंच. मॅडम, सकाळी गेटवर ह्यो पळत आला. म्हनला, दाजी, गावाकडनं खबर आली, बाबा पडले, लई लागलंय, निघा. मी हातातलं टाकलं. शहरात आलो, गंगापूरची जीप धरली. वाटंनं… काय काय मनात आलं. पोचलो तर बाबा लिंबाखाली बसून कोकराला बाटलीनं दूध पाजायला व्हता. मला म्हनला, सणाला येतो म्हनलास, आजच कसा आलास?

तनुजा : मग?

सूर्यभान : ह्याला फोन केला. तवा फोनवर बोलता यायचं. ह्यो म्हनला, कुणीतरी चुकीची खबर दिली आसंल दाजी, बरं झालं ना बाबा नीट हायत. अन म्हनला, घोर करू नका, तुमची हजेरी मी लावलीय, पगार तुटत नाय. मी… उपकार मानले ह्याचे. महालक्ष्म्याच्या जेवणाला ह्याला टावेल-टोपी केली. समद्यांदेखत. बाबाच्या हातानं.

तनुजा : हनुमान?

सूर्यभान : टोपी घालून घेतलीस तू. वाकून घेतलीस.

हनुमान : …व्हय. मीच बसलो. झालं? मीच बसलो. पण कशापायी ते कोण ऐकणार का नाय?

तनुजा : सांगा.

हनुमान : टाकीवर सहा मानसं. तिघांचे आवाज बसलेत हे ऑफिसात समद्यांना ठावं व्हतं. मॅनेजर साहेबानं बोलावलं मला. म्हनले, चौथा निघाला तर वरून तपासणी येईल, टाकी बंद पडंल, सहाच्या सहा घरी जातील. सूर्यभान तुझाच ना? मग बघ काय करायचं ते. दाजी, मी तुमची नोकरी वाचवली. तुमच्या घरात ताई हाय, पोरी हायत. आवाज खराब म्हणून नाव गेलं असतं तर त्याच महिन्यात काढलं असतं तुमाला.

तनुजा : मग त्यांना विचारलं का नाही? बापाच्या पडण्याची खोटी खबर देऊन गावाला का पाठवलं?

हनुमान : विचारलं असतं तर हे नाय म्हनले असते. सरळ मानूस हाय.

सूर्यभान : सुपरवायझर कवा झालास तू?

हनुमान : त्याचा काय संबंध?

सूर्यभान : कवा?

हनुमान : दसऱ्याला.

सूर्यभान : महिन्याभरानं लगीच.

हनुमान : माझं नंबरात व्हतंच दाजी. आज ना उद्या व्हणारच व्हतो.

तनुजा : सूर्यभान, मला एक सांगा. त्या सप्टेंबरात तुमचा आवाज कसा होता? आजच्यासारखा?

सूर्यभान : नाय. सकाळी घोगरा निघायचा. दुपारपसतोर सुटायचा. सुट्टीला गावाला गेलो की चांगला व्हायचा.

तनुजा : सुट्टीत बरा व्हायचा?

सूर्यभान : दोन दिवसांत.

तनुजा : म्हणजे तेव्हा नुसती सूज होती. वाफेपासून लांब नेलं की उतरत होती.

सूर्यभान : अन आता?

तनुजा : आता पडद्यांवर व्रण आहेत. सूज उतरते, व्रण उतरत नाहीत.

सूर्यभान : तवा कळलं असतं तर?

तनुजा : तेव्हा त्या माइकसमोर तुम्ही बसला असता, तर ते शिबिरातल्या बाईंना पहिल्या ‘आ’लाच कळलं असतं. टाकीवरून हलवा असं लिहिलं असतं त्यांनी. मी खोटी आशा दाखवत नाही आणि खोटं दुःखही नाही. पण हो, बहुतेक वाचला असता.

सूर्यभान : ऐकलंस?

हनुमान : मला काय ठावं दाजी, आतून असं होतं म्हणून? मी काय डॉक्टर हाय? घसाच तर हाय, बरा व्हईल, असं वाटलं मला. आईशप्पथ.

सूर्यभान : त्याच्यामागनं चौदा महिने टाकीवर व्हतो मी. तू रोज राउंडला यायचास. रोज ऐकायचास.

हनुमान : मास्क आनून दिला ना मी?

सूर्यभान : कापडाचा.

हनुमान : जे मिळालं ते आणलं. दाजी, तुमच्या पाया पडतो. मॅडम, तुमच्या बी. हे लिहू नका. माझी नोकरी जाईल, लेकरं लहान हायत माझी. साहेब हात वर करणार अन मी एकटा मरणार.

तनुजा : तुम्ही जे बोललात ते मी अहवालात लिहीत नाही, ते सांगायचं काम तुमचं. मी मोजलं ते लिहिणार. शिबिरातला आवाज आणि या माणसाचा आवाज जुळत नाही, म्हणून त्या निरोगी निकालाचा आधार घेऊ नये. एवढं लिहिणं मला भाग आहे.

हनुमान : एवढ्यातच सगळं आलं की मॅडम.

तनुजा : हो.

हनुमान : दाजी, चला घरी. ताईला काय सांगायचं ते आपण दोघं मिळून वाटंनं ठरवू.

सूर्यभान : तू जा.

हनुमान : तुमी कसे येताल? बसमदी चढताना विचारावं लागतं, कंडक्टर ऐकत नाय तुमचं…

सूर्यभान : जा म्हनलं ना.

हनुमान : मी नीट करतो सगळं दाजी. साहेबाशी बोलतो. मला चार दिवस द्या. ताईला तेवढं सांगू नका.

सूर्यभान : मॅडम, दार लावून घ्या.

* * *

तनुजा : या, सूर्यभान. दहा दिवसांनी बोलावलं होतं, तुम्ही बरोबर दहाव्या दिवशी आलात. एकटेच?

सूर्यभान : व्हय. एसटीनं आलो.

तनुजा : कुजबुजणं कमी झालंय तुमचं.

सूर्यभान : तुमी म्हनला तसं करायलोय. फाटका तर फाटका.

तनुजा : बसा. विमा ऑफिसातून मला फोन आला होता. कंपनीनं त्यांना आणखी एक कागद दिलाय म्हणाले. हनुमाननं लिहून दिलेला. तुम्हाला माहीत आहे का त्यात काय आहे?

सूर्यभान : ठावं हाय. विमा ऑफिसातल्या साहेबानं वाचून दाखवलं. मीच त्याला माझ्या जागी बसवलं म्हनं. आवाज बसलाय ते कळलं तर नोकरी जाईल, म्हनून मीच त्याच्या हातापाया पडलो म्हनं. भावजीचा शब्द मोडवला नाय, असं लिवलंय. खाली सही.

तनुजा : चार दिवस मागितले होते त्यानं.

सूर्यभान : दोनच लागले.

तनुजा : पण तुम्ही तर त्या दिवशी गंगापूरला होतात.

सूर्यभान : हजेरीला मी कंपनीत हाय. त्यानंच लावली व्हती ना. साहेबानं रजिस्टर दावलं. वीस तारीख, सूर्यभान खंडेराव, हजर. मला म्हनले, तुमी इथं हजर हाय, मग गावाला कोण गेलं व्हतं?

तनुजा : अरे देवा.

सूर्यभान : शिबिरात खोटा मानूस बसवला म्हनून कंपनीनं माझ्यावरच नोटीस काढली. मी बोलायला गेलो. येक शब्द निघंना. साहेब म्हनला, बाहेर बसा, लिवून आना.

तनुजा : मग? लिहिलंत?

सूर्यभान : घरी आलो. तवर अंबिकाला काय बी सांगितलं नव्हतं मी. तिचा भाऊ हाय. लहानपणी कडेवर खेळवलेला. कसं सांगू? त्या सांजच्याला सांगितलं. मला लई येळ लागला. ती म्हनली, काय? परत सांगितलं. परत म्हनली, काय? मला वाटलं, आवाजामुळं नीट ऐकू जाईना. तिसऱ्या बारीला सांगितलं तवा मला कळलं, तिला पयल्यांदाच ऐकू गेलं व्हतं.

तनुजा : थांबा. पाणी घ्या. घाई नाही मला.

सूर्यभान : रडली नाय. म्हनली, त्या दिवशी त्यानं मला बी फोन केला व्हता.

तनुजा : कोणी, हनुमाननं?

सूर्यभान : व्हय. म्हनला, ताई, तुझे सासरे पडलेत, दाजीला गावाकडं धाडलंय, तू घाबरू नको. तिनं महालक्ष्म्याच्या फुलोऱ्याची कढई उतरून ठिवली व्हती, अर्धीच तळून. शेजारच्या सत्यशीलाबाईला बोलावून बसली व्हती देवापुढं. तिला समदं ध्यानात हाय. कढईचं मी तर इसरूनच गेलो व्हतो.

तनुजा : म्हणजे ही साक्षच झाली.

सूर्यभान : दुसऱ्या दिवशी सकाळी तयार झाली. मी म्हनलो, इचार कर. म्हनली, रातभर केला. ऑफिसात गेलो. साहेब म्हनला, बाई, नवऱ्याच्या बाजूनं बायको बोलणारच, त्याला काय अर्थ? ती म्हनली, साहेब, मी ज्याच्या इरुद्ध बोलायलीय त्यो माझा पाठचा भाऊ हाय, ते बी लिवा.

तनुजा : लिहिलं त्यांनी?

सूर्यभान : लिवलं. सत्यशीलाबाईचं नाव बी घेतलं. ती जाऊन आली काल. अन बाबाला बोलावलंय सोमवारी. बाबा म्हनला, कोकरू घेऊन येऊ का साक्षीला?

तनुजा : मलाही त्यांनी सांगितलं, हनुमानच्या आवाजाची तपासणी होणार आहे. इथं नाही. मी त्या दिवशी समोर होते, म्हणून मी ती करणं बरोबर नाही असं कळवलं. दुसऱ्या दवाखान्यात घेतील. टाकीवरच्या बाकी पाच जणांनाही बोलावणार आहेत. सूर्यभान, नोटीस टिकेल असं मला वाटत नाही.

सूर्यभान : टिकंल नाय तर नाय टिकंल. मॅडम, येक इचारू? त्याचा घसा तेवढा… त्याला काय व्हणार नाय ना? त्यो बी टाकीजवळ असतो.

तनुजा : त्याच्या घशाची काळजी करताय?

सूर्यभान : नाय. तसं नाय. अंबिका इचारत व्हती.

तनुजा : तो टाकीवर नुसती फेरी मारतो, धोका कमी आहे. तपासतील तेव्हा कळेलच. तो घरी आला होता का नंतर?

सूर्यभान : नाय. सासूबाईचा फोन आला. म्हनल्या, बहिणीनं भावाच्या पोटावर पाय दिला, आता हितं पाऊल टाकू नको. अंबिकानं ऐकून घेतलं. उलट बोलली नाय. फोन ठिवला अन भाकरी थापायला बसली. पिठाचा डबा संपस्तोर थापीत ऱ्हायली. चौघांच्या घरात तीस भाकरी.

तनुजा : तीस?

सूर्यभान : दोन दिवस त्याच खाल्ल्या आमी.

तनुजा : सूर्यभान, आपण आपलं काम सुरू करू या का? आजपासून?

सूर्यभान : येईल का परत?

तनुजा : पहिला येणार नाही. लांबून हाक मारण्यासारखा तर नाहीच. पण समोर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल, फोनवर वडिलांना कळेल, असा आवाज मेहनतीनं तयार करता येतो. पाच-सहा महिने लागतील. कराल?

सूर्यभान : करन.

तनुजा : मग बघा. ओठ मिटा आणि गायीसारखं हुंकारा, म्‌—. नाकापाशी मुंग्या आल्यासारखं वाटलं पाहिजे. जोर नाही लावायचा.

सूर्यभान : म्‌— …

तनुजा : वा. पडद्यावर बघा, लाटा थोड्या ओळीत आल्या. हे रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. आणि त्यानंतर कुणाबरोबर तरी समोरासमोर बसून बोलायचं. एक वाक्य त्यांनी, एक तुम्ही. नुसता एकट्यानं सराव केला तर आवाज सुधारतो, बोलणं सुधारत नाही. घरी कोण बसेल तुमच्यासमोर?

सूर्यभान : अंबिका बसंल.

तनुजा : झालं तर मग. त्यांना सांगा, भरपूर बोला म्हणावं.

सूर्यभान : सांगतो. पण ती बी सध्या लई कमी बोलती, मॅडम.